‘घरचे’ नावाची लिंक

सकाळी सगळे आपापल्या कामाला गेले की थोरली सून ओटा पुसून कोरडा करायची, साखरेचा डबा पुढे ओढायची आणि त्याला फोन टेकवायची. डबा रिकामा असला की फोन घसरतो आणि बोलणारीची नुसती हनुवटी दिसते, हे तिला चुका करून करून कळलं होतं. म्हणून त्या घरात साखर कधी संपत नसे. “तुझ्या फोनपायी आम्हाला गोड खायची शिक्षा,” असं सासूबाई कुरकुरायच्या आणि पिशवी घेऊन साखर आणायला स्वतःच निघायच्या.

“मैत्रिणींनो,” थोरली फोनला सांगायची, “कित्येक वर्षं मीही वाट बघितली. जो येईल तो विचारायचा, काय, काही बातमी? मी हसायचे आणि आत जाऊन रडायचे.” मग ती हिरव्या झाकणाचा डबा दाखवायची, दुधात चमचाभर पावडर ढवळायची. मागे चटईवर तिची मुलगी चिमणी वाटीवर चमचा बडवत बसलेली असायची. पावडरीची खरी जाहिरात तीच होती. एवढी गुबगुबीत जाहिरात कंपनीला पैसे मोजूनही मिळाली नसती.

व्हिडिओखाली एक लिंक असायची. त्या लिंकवरून कोणी डबा मागवला की थोरलीला थोडं कमिशन मिळायचं. धंदा एवढाच. पण थोरली कामाला चिकट. कुठल्या व्हिडिओवरून डबा गेला हे कळायला नको का? मग तिने चिमणीला मांडीवर घेऊन, फुकटचे धडे बघून बघून एक विद्या शिकून घेतली. आपण सारखे दिसणारे डबे ओळखायला त्यांच्यावर चिठ्ठ्या लावतो ना, तशी तिने कंपनीच्या पानावर नेणारी स्वतःची छोटी लिंक बनवली आणि प्रत्येक लिंकच्या शेपटाला आपली खूण जोडली. स्वयंपाकघरातल्या व्हिडिओंना ‘ओटा’. चिमणीच्या व्हिडिओंना ‘पाळणा’. आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलेल्या लिंकला ‘घरचे’. कोणत्या खुणेवर किती जणींनी बोट ठेवलं, किती जणींनी डबा घेतला, हे तिला दर आठवड्याला दिसायचं. नाव मात्र कुणाचं दिसत नसे.

थोरली खोटं बोलत नव्हती. वाट बघितली हे खरं, रडली हे खरं, पावडर घेतली हेही खरं. तिच्या गोष्टीतलं मधलंच एक पान तेवढं गळलेलं होतं. ते पान कुठलं, हे त्या घरात तिघांना ठाऊक होतं आणि तिघांनी त्यावर बूड टेकलेलं होतं.

घरात धाकटी सूनही होती. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायची. गिऱ्हाइकाच्या फ्रेममध्ये काच अशी बसवायची की फटीत केस जाणार नाही. लग्नाला चार वर्षं होत आली होती आणि पाळणा हलला नव्हता. तिचा नवरा, म्हणजे या घरातला धाकटा मुलगा, लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. बोलायला तिखट, हसवायला पहिला. “बायको रोज जगाचं बघणं सुधारते, माझ्याकडे बघायला तिला वेळ नाही,” असं म्हणायचा. तपासणीचा विषय निघाला की मात्र हसणं बंद. “मला काय झालंय? आमच्या घरात पुरुषांत काही खोट नाही. दादाकडे बघ.”

दादाकडे बघ. हे वाक्य जेवताना, कपडे वाळत घालताना, दाराआडून धाकटीच्या कानावर पडायचं. थोरलीच्याही पडायचं.

एका दुपारी दोघी जावा कपड्यांच्या घड्या घालत होत्या. बाहेरच्या खोलीत सासूबाई फोनवर आपल्या बहिणीशी बोलत होत्या. आवाज बारीक करायचा प्रयत्न त्या करायच्या, पण जन्मभर मुलांच्या खानावळीत वाढायचं काम केलेलं, आवाज काही बारीक होत नसे.

“वर्षभर बघते अजून. मग तिच्या आईवडिलांना बोलावून घेते आणि सरळ सांगते. धाकट्याचं वय काय गं असं? दुसरं घर मांडता येईल.”

धाकटीच्या हातात नवऱ्याचा शर्ट होता. तिने त्याची घातलेली घडी मोडून पुन्हा घातली, आणि पुन्हा मोडली.

“मनावर घेऊ नकोस,” थोरली म्हणाली. “आईंचं बोलणं असंच.”

“नाही घेत, ताई,” धाकटी म्हणाली. आणि थोरलीला हायसं वाटलं. दुसऱ्याच्या दुःखाला आपण ‘मनावर घेऊ नकोस’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आपल्याच मनावर यायचं टाळत असतो, हे तिला तेव्हा कुठे सुचायला!

पुढच्या रविवारी सगळे जेवायला एकत्र होते. थोरली खुशीत होती. “अहो, ऐका ना एक गंमत! ‘घरचे’ वरून दर महिन्याला डबे जातायत. म्हणजे आपल्या ग्रुपमधलंच कोणीतरी गुपचूप घेतंय!”

“मावशी असणार,” धाकटा म्हणाला. “सत्तरी उलटली तरी बाईची उमेद बघा!”

सगळे खो खो हसले. थोरलीचा नवरा, थोरला, ताटात बघून हसला. तो तसाच हसायचा, कुणाच्या हिशेबात न येईल असा.

“जी कोणी असेल ती शहाणी,” सासूबाई म्हणाल्या. “निदान हातपाय तरी हलवते. काही जणी नुसत्या बसून असतात.”

धाकटी उठली. “पाणी आणते.”

टेबलावरचा पाण्याचा जग काठोकाठ भरलेला होता. तो थोरलीला दिसला. उठलेली धाकटी दिसली, तिचे सुजलेले डोळे दिसले, हल्ली तिच्या अंगावर दुपारीही स्वेटर असतो हे दिसलं. दोन आणि दोन चार व्हायला किती वेळ लागतो? पण चार झाले असते तर हसणं थांबवावं लागलं असतं. थोरली हसत राहिली.

मग एके दिवशी दुकानातून फोन आला. धाकटी काच घासता घासता यंत्रावरच कोसळली होती. काचेच्या कडेने तळहात कापला होता. थोरली चिमणीला कडेवर घेऊन, पायात दोन वेगळ्या चपला घालून दवाखान्यात धावली.

डॉक्टरबाई उतारवयाच्या होत्या आणि त्यांच्याकडे रागवायला वेळ नव्हता, त्यामुळे त्यांचं बोलणं जास्तच लागायचं. “नाडी किती मंद आहे बघा. हिला थायरॉईडची गोळी रोज होती ना? कधीपासून बंद केली?”

धाकटी छताकडे बघत होती. “झाले काही महिने.”

“का?”

डॉक्टरबाईंनी नर्सला सांगून तिची पिशवी उघडायला लावली. जेवणाचा डबा, रुमाल, काचा पुसायचं मऊ कापड आणि हिरव्या झाकणाचा डबा. डॉक्टरबाईंनी चष्मा कपाळावर चढवून त्यावरची बारीक अक्षरं वाचली. “‘गुण लवकर येण्यासाठी इतर औषधे बंद ठेवावीत.’ वा! अहो बाई, दिवस राहायला हवे असतील तर ती गोळी आधी हवी. जी वाट चालायची तीच उखडून ठेवलीत. हे घ्यायला सांगितलं कोणी तुम्हाला?”

थोरलीच्या कडेवरची चिमणी डबा ओळखून खुश झाली आणि त्याच्याकडे दोन्ही हात पसरून झेपावली. रोज सकाळी आईच्या हातात असतो तो डबा!

“कोणी नाही,” धाकटी म्हणाली. “बाजारात दिसला, घेतला.”

डॉक्टरबाई गेल्या. थोरली पलंगाच्या कडेला बसली. काय बोलावं ते सुचेना, आणि माणसाला काही सुचत नाही तेव्हा ते उलट दुसऱ्यालाच जाब विचारतं.

“मला एका शब्दाने विचारायचं तरी होतंस गं!”

धाकटीने मान वळवून तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. “विचारायचं काय त्यात, ताई? तुम्ही सांगतच होतात की रोज. दुकानात जेवणाच्या सुट्टीत मी बघायची. तुम्हाला गुण आला, मग मलाही येईल वाटलं.” मग पट्टी बांधलेला हात चादरीवर ठेवत ती म्हणाली, “तुमच्याच लिंकवरून घेतलं बरं का. म्हटलं, पैसे जायचेच आहेत, तर आपल्याच घरात जाऊ देत.”

थोरलीला वाटलं, हिने आपल्याला कानाखाली मारलं असतं तरी चाललं असतं.

आता ते गळलेलं पान.

थोरलीला दिवस राहिले ते पावडरीने नव्हे. तीन वर्षं देवाला, दैवाला आणि तिच्या कुशीला दोष देऊन झाल्यावर एका डॉक्टरने दोघांची तपासणी केली. दोष थोरल्यात निघाला. फार मोठा नव्हता. वर्षभर औषधं, एक लहानशी शस्त्रक्रिया, आणि चिमणी झाली. सासूबाईंना सांगावं लागलं, कारण शस्त्रक्रियेनंतर घरी पडून राहायला निमित्त हवं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, “पुरुषाचं नाव कशाला मध्ये? हर्निया म्हणून सांगू.” त्याच सुमारास कोणीतरी हिरव्या झाकणाचा डबा भेट दिला होता. मूल झाल्यावर शेजारणींनी विचारलं, काय घेतलंस गं? सासूबाईंनी ओट्यावरच्या डब्याकडे बोट दाखवलं. श्रेय कुणालातरी द्यायला हवं होतं, आणि डब्याला कसली अब्रू! पुढे कंपनीनेच थोरलीला गाठलं आणि लिंक दिली.

थोरला लिफ्ट दुरुस्त करायचा. संध्याकाळी तो कामाच्या कपड्यांतच दवाखान्यात आला. जिन्याच्या पायऱ्यांवर दोघं बसली, मध्ये चिमणी झोपलेली.

“मी ते व्हिडिओ काढून टाकणार,” थोरली म्हणाली. “पावडरीने काही झालं नाही असं सगळ्यांना सांगणार. तुमचं नाव घेणार नाही. तुम्हाला शब्द दिलाय.”

थोरला बराच वेळ हातावरचा वंगणाचा डाग दुसऱ्या अंगठ्याने घासत राहिला. “आणि लोक विचारतील, मग मूल कशाने झालं?”

“नशिबाने म्हणेन.”

“म्हणजे धाकटीचं नशीब वाईट.” तो थांबला. “तुला एक सांगू? लिफ्ट अडकली की आम्ही पोचेपर्यंत बाहेर गर्दी जमलेली असते. आत अडकलेल्या माणसाला सगळे ओरडून एकच विचारतात. काय दाबलंस? कुठलं बटण दाबलंस? त्या बिचाऱ्याने काही केलेलं नसतं. बिघाड वर गच्चीवरच्या खोलीत असतो, मोटारीत. तिथे चढून बघायचा कुणाला उत्साह नसतो.”

एवढं लांबलचक तो लग्नाच्या बोलण्यांतही बोलला नव्हता.

“मी रोज वर चढतो गं,” तो म्हणाला. “दुसऱ्यांच्या इमारतीत.”

धाकटीला घरी आणलं त्या दिवशी सासूबाईंनी तिच्यासाठी गरम सूप केलं. बाई दुष्ट नव्हती. दुष्ट माणसांनी चालवलेल्या रूढी लवकर मरतात. आपल्या हाताने भरवणारी प्रेमळ माणसंच त्या जिवंत ठेवतात. सूप देता देता त्या म्हणाल्या, “आता बरी हो आणि थोडे दिवस माहेरी जाऊन ये. आईवडिलांशी मी बोलते.”

धाकटी चमचा धरून बसून राहिली. ते ‘थोडे दिवस’ किती मोठे असणार हे तिला ठाऊक होतं. धाकटा खिडकीतून बाहेर बघत होता.

“आई,” थोरली म्हणाली, “ती कुठे जाणार नाही. चिमणी पावडरीने झाली नाही.”

“थोरले, तू गप्प बस.”

“बसले होते की. इतके दिवस तेच केलं. त्याचं कमिशनही घेतलं.”

“घरातलं घरात ठेवायचं असतं!”

“ठेवलं ना, आई. घरातच ठेवलं, म्हणून तर ही घरातली यंत्रावर पडली.”

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. “माझ्या लेकाला चारचौघांत खाली बघायला लावशील? अगं, मला विचार. हा थोरला व्हायच्या आधी मला पंगतीतून उठवलंय बायकांनी, वांझ म्हणून. ते मी सोसलं. बाई सोसते. पुरुषाला नाही सोसवत.”

“मला सोसवेल,” थोरला म्हणाला.

तो दारात उभा होता, हातात अजून हत्यारांची पेटी. धाकट्याकडे बघूनच त्याने सांगितलं, “दोष माझ्यात होता. औषधं मी घेतली. ते हर्नियाचं ऑपरेशन हर्नियाचं नव्हतं. तू सारखं ‘दादाकडे बघ’ म्हणतोस ना, मग नीट बघ.”

चिमणीने तेवढ्यात सुपात हात घातला.

धाकटा पायांत बूट न घालताच बाहेर गेला. खाली त्याची शिकवायची गाडी उभी होती, शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असतो ती. धाकटा चालकाच्या जागी बसला; थोरला मागोमाग गेला आणि त्याच्या शेजारी, शिकवणारा बसतो तिथे बसला. वरून खिडकीतून दोघी जावांना दोन डोकी दिसत होती. बराच वेळ ती हललीच नाहीत. आत काय झालं ते पुढे कधीतरी धाकट्याने थोरलीला सांगितलं. तो दादाला म्हणाला होता, “मला भीती वाटते रे. माझ्यातच निघालं तर?” आणि दादा म्हणाला होता, “तर ब्रेक मी दाबतो. तू गाडी काढ.” गाडी मग खरंच निघाली. इमारतीला दोन चकरा मारून परत आली, पण तपासणीचा दिवस ठरवून आली.

तपासणीत काय निघालं हे मी इथे सांगणार नाही. दोष कुणाचा हे ऐकायला आपण सगळे एवढे आतुर असतो, तिथेच तर सगळी मेख आहे. धाकटी परत गोळी घेऊ लागली, दुकानात जाऊ लागली. माहेरी गेली ती दोन दिवसांसाठी, आणि नवरा घ्यायला आला. सासूबाई काही दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. साखर संपली, ती त्यांनी आणली नाही.

थोरलीने ओट्यावरचे सगळे व्हिडिओ काढून टाकले आणि एक नवा केला. फोन टेकवायला या वेळी साखरेचा डबा नव्हता; चिमणीचा बाबा समोर बसला होता, त्यानेच फोन हातात धरला. “फार थरथरतोय हो,” थोरली म्हणाली. “लिफ्टमध्ये थरथरत नाही मी,” तो म्हणाला, आणि मग फोन उलटा करून स्वतःच बोलायला लागला. बोलणं अडखळत झालं, पण काही गाळलं नाही.

व्हिडिओ काढले, तरी लिंका जात नाहीत. कुणीतरी कुणालातरी पुढे पाठवलेल्या, मावशीने नणंदेला, नणंदेने शेजारणीला. ‘घरचे’ ही खूण तर केव्हाच घरची राहिली नव्हती. थोरलीला ती बंद करून टाकता आली असती. पण मग बोट ठेवणारीला नुसतं कोरं पान दिसलं असतं, आणि तिने दुसरीकडून डबा मागवला असता. थोरली जी विद्या डबे मोजायला शिकली होती, तीच तिने वापरली. खूण तीच ठेवली आणि ती जिथे नेते ती जागा बदलली. आता ‘घरचे’वर बोट ठेवलं की डबा येत नाही. हातात वंगण लागलेला एक माणूस येतो आणि म्हणतो, “आधी दोघांनी तपासून घ्या. आणि डॉक्टरने दिलेलं औषध बंद करू नका.”

हे सगळं तिने धाकटीला दाखवलं. धाकटीने फोन चष्म्याची काच तपासावी तसा उजेडाकडे धरला. “बरं केलंत,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, “ताई, तुम्ही हे मला तेव्हाच सांगितलं असतं, नुसतं मला एकटीला, घड्या घालताना, तरी चाललं असतं.”

थोरलीने घडी घालायच्या चादरीचं एक टोक उचललं, धाकटीने दुसरं.

अजूनही दर आठवड्याला थोरली बघते. ‘ओटा’ संपला, ‘पाळणा’ थंड झाला, पण ‘घरचे’वर कुणी ना कुणी बोट ठेवतंच. त्याचं कमिशन येत नाही. नाव दिसत नाही, गाव दिसत नाही, एक आकडा तेवढा वाढतो. प्रत्येक आकड्यामागे कुठल्यातरी घरात काठोकाठ भरलेला जग आहे आणि पाणी आणायला उठलेली एक बाई आहे, हे आता तिला कळतं. ती बाई तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघते का, बघून कुणाला दाखवते का, ते तिला कधीच कळणार नाही.

ते तुम्हाला कळू शकतं. ती तुमच्याच टेबलावरून उठली असेल.